कोबाल्टाची चेन

पोटावर सहा गोळे असलेली चार वर्षांची मुलगी मी अजून पाहिलेली नाही, आणि दिसलीच तर आधी डॉक्टरला फोन करीन. पण माझ्या बायकोने, जोलीनने, आमच्या धाकट्या बर्डीला हॅलोवीनला घालायला कोबाल्टाचा जो तयार पोशाख आणला त्याला पोटावर सहा गोळे होते. स्पंजाचे, स्नायू म्हणून बसवलेले. शिवाय दोन्ही दंडांवर बेटकुळ्या आणि खांद्यांवर सोफ्याच्या उशा बसवाव्यात तसा काहीतरी प्रकार. बर्डीने तो घातला, आरशात पाहिलं, खूश झाली आणि खुर्चीवर बसायला गेली. गोळे मध्ये आले. तिला वाकता येईना. टीव्हीवर दर शनिवारी एका हाताने बस उचलणारी ही कोबाल्टा, जगातली सर्वांत बलवान बाई, आणि हिला खुर्चीवर बसायची चोरी!

हे मी जेवताना मोठ्याने बोललो. बोलायला नको होतं.

“एवढं कळतंय तर लिही की,” जोलीन म्हणाली. ती शाळेच्या पालक मंडळाचं पत्रक काढते. “अर्धं पान रिकामं आहे. कुठल्या वयाच्या मुलीला कुठला पोशाख घ्यावा, काय बघावं, काय टाळावं. चारही मापं घरात आहेत, तिघी पोरींची आणि माझं. नुसतं तोंड चालवण्यापेक्षा हात चालव.”

पत्रक नेहमीप्रमाणे उशिरा निघणार होतं. म्हणजे पालकांनी पोशाख विकत घेऊन झाल्यावर त्यांना सल्ला मिळणार होता. पण पालक मंडळाच्या कारभारावर मी बोलत नाही, कारण मला घरी जेवायचं असतं.

तसं पाहिलं तर या कामाला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या डी मॉइनमध्ये सापडला नसता. मी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतो. गारपीट झाली की लोकांच्या छपरांवर चढायचं आणि त्यांनी सांगितलेल्या नुकसानीत खरं किती आणि फुगवलेलं किती, ते ठरवून फुगवटा कापायचा. एका बाईंनी गारांच्या आवाजाने कुत्रा बहिरा झाला असा दावा केला होता. मी कुत्र्याच्या पाठीमागे उभं राहून बिस्किटांचा पुडा फोडला. दावा फेटाळला. लोक मला रस्त्यात पाहून पलीकडच्या बाजूला जातात, त्याचा मला अभिमान आहे.

तेव्हा मी चारही पोशाख गॅरेजमध्ये टांगले आणि पाहणीला लागलो. पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती अशी, की मुलीचं वय वाढेल तसं कापड कमी होत जातं. चार वर्षांच्या कोबाल्टाला गोळे, बेटकुळ्या, लांब बाह्या. आठ वर्षांची झाली की गोळे गायब आणि त्या जागी जाळीचा झगा. बस उचलणाऱ्या बाईला जाळीचा झगा कशाला, ते कंपनी जाणे. तेराव्या वर्षी बाह्याही गेल्या. आमच्या थोरल्या ऑड्राने तिच्या मापाचा पोशाख दोन बोटांत धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि मला विचारलं, “डॅड, हा मी डोक्याला बांधायचा आहे का?” मग ती आपल्या खोलीत गेली आणि तिने जाहीर केलं की यंदा ती कुठेही फिरायला जाणार नाही, ती आता मोठी झाली आहे.

आणि इथे मॅरेनची पंचाईत झाली.

मॅरेन आमची मधली, आठ वर्षांची. घरात तिची टकळी थांबत नाही, पण परक्या दारात गेली की जीभ टाळ्याला चिकटते. आणि आमच्याकडे जीभ चिकटून चालत नाही. हॅलोवीनच्या आदल्या संध्याकाळी, तीस तारखेला, आमची पोरं दारोदार फिरतात. त्या रात्रीला आम्ही भिकाऱ्यांची रात्र म्हणतो, पण भीक फुकट मिळत नाही. पायरीवर उभं राहून विनोद सांगायचा, मग चॉकलेट. बाकीच्या देशात म्हणे पिशवी पुढे केली की झालं. असल्या लोकांच्या पोरांचं पुढे काय होत असेल, देव जाणे.

आजवर दोघींच्या वतीने ऑड्रा विनोद सांगायची. गेल्या वर्षी मात्र कोपऱ्यावरच्या मिसेस ऑस्टरगार्ड यांच्या पायरीवर ऑड्रा बुटाची नाडी बांधायला वाकली आणि मॅरेन एकटी समोर सापडली. मिसेस ऑस्टरगार्ड म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याकडे गल्लीतलं सर्वांत मोठं चॉकलेट मिळतं, पण त्यांना हसताना गल्लीत कुणी पाहिलेलं नाही. विनोद संपला की चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, “हं. घे.” त्या दिवशी त्या वाट बघत उभ्या राहिल्या, मॅरेनचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि ती पिशवी तिथेच टाकून पळाली. तेव्हापासून ती शाळेला जाताना तो कोपरा टाळून लांबून वळसा घालते.

“यंदा मीच सांगणार,” ती मला गॅरेजमध्ये येऊन म्हणाली. “ऑड्रा नको. मिसेस ऑस्टरगार्डच्या दारात पण मीच.”

“शाब्बास. कुठला विनोद?”

“तो नंतर ठरवते. आधी कोबाल्टा व्हायला पाहिजे. कोबाल्टाला कुणाची भीती वाटत नाही.” आणि ती टांगलेल्या पोशाखाकडे अशी बघत राहिली की मला झग्याबद्दल काही बोलवेना.

साहजिकच आठ वर्षांच्या मापाची पाहणी मी जास्त कडक केली. पाकिटावरच्या फोटोत गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट होते. आत बूट नव्हते, बुटांवर चढवायचे कापडी पाय होते, ते दोन पावलांत घसरून घोट्याशी गोळा व्हायचे. मुखवट्याची डोळ्यांची भोकं अशा अंतरावर होती की एका वेळी एकाच डोळ्याने बघता यावं. पाठीवरच्या झुलीची चिकटपट्टी पोरीच्या केसांना इतकी घट्ट बसायची की ती काढताना कोबाल्टाने घर डोक्यावर घेतलं. हे सगळं मी लिहून काढलं. राहिली होती हवामान चाचणी. आमच्याकडे ऑक्टोबरअखेर पाऊस असतोच, तेव्हा बागेच्या नळीने एक बाही, फक्त एक बाही, भिजवून बघायची असं मी ठरवलं.

तेवढ्यात कुंपणापाशी ड्वेन पेट्रॅक आला. ड्वेन आमचा शेजारी. टायरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो मला सल्ला देण्याचं काम पूर्णवेळ करतो.

“एका बाहीने काय कळणार?” ड्वेन म्हणाला. “तू छपराचं एकच कौल बघून सही करतोस का?”

“नाही, पण…”

“आणि पाऊस असा खालून येतो का? शिडी लाव. वरून मार. जोर वाढव. आपल्याकडचा पाऊस तिरका असतो, कर्ट.”

मला आता वाटतं की मी तेव्हाच नळी खाली ठेवायला हवी होती. पण माझ्या धंद्यातली उपमा माझ्याच तोंडावर मारलेली मला सहन होत नाही. मी शिडी लावली. वरून मारलं, जोर वाढवला, तिरकंही मारलं. कोबाल्टाचा निळा रंग आधी झग्यात उतरला, मग गॅरेजसमोरच्या काँक्रीटवर, मग ड्वेनच्या पांढऱ्या बुटांवर. छातीवरचा चंदेरी तारा सुटला आणि पाण्याबरोबर गटाराकडे निघाला. ड्वेनने तो पायाने अडवला.

“बघ,” तो म्हणाला, “एका बाहीने हे कळलं नसतं.”

मी मागे वळलो तर स्वयंपाकघराच्या खिडकीत मॅरेन उभी. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. बाहेर येऊन तिने तारा उचलला, फ्रॉकला पुसला आणि विचारलं, “नवा आणशील ना?”

“आणतो,” मी म्हणालो.

दुकानात तिच्या मापाची कोबाल्टा संपली होती. तिच्या मापात केळं शिल्लक होतं. “केळं छान दिसतं,” दुकानातली मुलगी म्हणाली, “आणि त्याला पाऊस लागत नाही.” मी मॅरेनला केळ्याच्या रूपात मिसेस ऑस्टरगार्डच्या पायरीवर डोळ्यांसमोर आणलं आणि तसाच घरी येऊन कंपनीकडे पोशाख मागवला. हॅलोवीनच्या आत पोचण्याची हमी, असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मी निर्धास्त झालो. हमी या शब्दाचा अर्थ मला, एका विमेवाल्याला, कळू नये! तीस तारखेच्या आदल्या दिवशी काही आलं नाही तेव्हा मी फोन लावला.

“तुमचं पार्सल वाटेत आहे, सर,” तिकडची बाई म्हणाली. “एकतीसला दुपारी मिळेल. हॅलोवीनच्या आत.”

“आमच्याकडे पोरं तीसला फिरतात.”

“सर, हॅलोवीन एकतीसला असतं.”

“ते तुमचं. आमचं तीसला.”

“तुम्ही देशाबाहेर राहता का, सर?”

“आयोवात.”

“जरा थांबा हं.” तिने मला बराच वेळ बासरी ऐकवली. “सर, मी साहेबांना विचारलं. आमच्याकडे आयोवाचं हॅलोवीनसुद्धा एकतीसलाच दिसतंय.”

“अहो बाई, तीसला आमची पोरं दारोदार जाऊन विनोद सांगतात आणि—”

“विनोद?”

“हो.”

“कशाला, सर?”

वीस वर्षं मी लोकांना फोनवर दावे फेटाळल्याचं सांगत आलो. समोरच्याला कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. त्या बाई फार गोड आवाजात फेटाळत होत्या, हे आणखी चीड आणणारं.

मॅरेनला सांगितलं. ती “बरं” म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “मग मी घरीच थांबते. तुझ्याबरोबर चॉकलेट वाटते.” मी गॅरेजमध्ये जाऊन लेख पुरा करायला घेतला.

चौथा पोशाख राहिला होता, मोठ्या बाईचा. पालकांच्या पार्टीसाठी आणलेला हा पोशाख जोलीनने एकदा उघडून पाहिला होता आणि तसाच पाकिटात परत घातला होता. वर कडक प्लास्टिकचं चिलखत, खाली ताणलं जाणारं निळं कापड, लांब झूल, आणि चेन पाठीवर. मानेपासून कमरेपर्यंत. मी लिहिलं, “जी बाई स्वतःची चेन स्वतः लावू शकत नाही ती शहर काय वाचवणार?” वाक्य मला इतकं आवडलं की ते मी कुंपणापलीकडे ड्वेनला वाचून दाखवलं.

“लावता येते की,” ड्वेन म्हणाला. “माझी शर्ली लावायची. हात असा मागून वर न्यायचा. न बघता लिहितोस, कर्ट?”

न बघता! मला! मी गॅरेजचं दार आतून ओढून घेतलं, अंगावरचा शर्ट काढला आणि कोबाल्टा चढवली.

एक गोष्ट ड्वेनच्या बाजूने सांगायला हवी. हात मागून वर नेला की चेन लागते. थेट मानेपर्यंत लागते. मग ती खाली येत नाही. मी उजवा हात वरून घातला तर चिलखत वर सरकून हनुवटीखाली बसलं, आणि तो काढायला गेलो तर कोपरापाशी अडकून डोक्याच्या मागेच राहिला. एक हात असा उंच, दुसरा कमरेवर, गळ्याशी प्लास्टिक. पाकिटावरच्या फोटोतली बाई नेमकी अशीच उभी होती. मला वाटायचं ती ऐटीत उभी आहे.

मी जोलीनला हाक मारली. ती बाजारात गेली होती. दार उघडलं ते ड्वेनने; आम्ही गावाला गेलो की तो आमच्या मांजराला खायला घालतो, त्यामुळे दाराच्या कुलुपाचा नंबर त्याला ठाऊक आहे. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, “लोणी आहे का घरात?”

लोणी झालं. स्वयंपाकाचं तेल झालं. बिजागऱ्यांचं तेल झालं. ड्वेनने चेनच्या टोकाला सुतळी बांधली आणि दुसरं टोक शिडीला. मी त्याला म्हणालो की आता पुरे. तेव्हा त्याने, मला न विचारता, अग्निशमन दलाला फोन केला. “नाही, आग नाही,” तो सांगत होता. “माणूस अडकलाय. कशात? कोबाल्टात. हो, तीच, बसवाली.”

एक बंब आला. दिवे लावून आला. गल्लीतली जी माणसं मी आल्यावर रस्ता ओलांडतात ती त्या दिवशी सगळी रस्ता ओलांडून अलीकडे आली. बंबातून एक उंच बाई उतरल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पट्टे कापायची कात्री पाहिली आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “श्वास आत घ्या, साहेब.” मग पाठीमागे लोणी आहे म्हणून त्यांनी पुढून, गळ्यापासून कमरेपर्यंत, एका दमात कापलं. आत मी होतो, तेलाने चमकत. जाता जाता त्या आपल्या कोटाची पुढची चेन वर ओढत म्हणाल्या, “चेन पुढे असती तर ही वेळ आली नसती, साहेब.” माझ्या लेखातला सर्वांत चांगला मुद्दा त्यांनी असा फुकट उचलला.

हे सगळं होत असताना तिन्ही मुली व्हरांड्यात बसून बघत होत्या. ऑड्राने तोंडावर उशी धरली होती. मॅरेन मात्र एकटक बघत होती, ओठ हलवत होती. मला वाटलं, बापाची लाज वाटते आहे पोरीला.

तीस तारखेला संध्याकाळी पाऊस लागला, थोडी गार पडली, सगळी पोरं कपड्यांवर हिवाळी कोट घालून निघाली. कुठलीही महाशक्ती असो, आमच्याकडे आई वरून कोट चढवते. मी चॉकलेटचं भांडं घेऊन दाराशी बसलो. तेवढ्यात मॅरेन आतून आली. जाडजूड लाल कोटावर तिने कचऱ्यातून काढलेली मोठी कोबाल्टा चढवली होती. बंबवाल्या बाईंनी पुढून कापल्यामुळे ती कोटावर बरोबर बसत होती, खांदे तर कोटाने भरून गेले होते. कापलेल्या कडा ऑड्राने पिनांनी अडकवल्या होत्या आणि मधोमध गटारातून वाचवलेला तारा लावला होता.

“चल,” मॅरेन मला म्हणाली. “ते भांडं ऑड्राकडे दे.”

“त्या पोशाखाला लोण्याचा वास येतोय,” मी म्हणालो.

“माहीत आहे. चल.”

ती सरळ कोपऱ्यावर गेली. मी फुटपाथवर अंधारात थांबलो. मिसेस ऑस्टरगार्ड यांनी दार उघडलं, चष्म्यावरून पाहिलं. मॅरेनचं तोंड उघडलं. मिटलं. आता पळते, असं वाटलं, आणि मी तिला धरायला एक पाऊल पुढे टाकलं.

“हे पुढे कापलंय कशाने?” मिसेस ऑस्टरगार्ड यांनी विचारलं.

मॅरेनने खाली बघितलं. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

“कात्रीने,” ती म्हणाली. “बंबवाल्या बाईंनी. कारण आत माझे डॅड होते.”

मग जी सुरुवात झाली! घरातली टकळी, सगळीच्या सगळी, त्या पायरीवर. लोणी आलं, शिडी आली, सुतळी आली. डॅडचा एक हात वर आणि एक कमरेवर कसा होता ते तिने उभं राहून दाखवलं. ड्वेनचा आवाज काढला. मिसेस ऑस्टरगार्ड यांनी दाराची चौकट धरली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि शेवटी नुसताच हातात धरून ठेवला. त्यांचं हसू बाहेर आलं तेव्हा पहिल्यांदा मला कळेना की हा आवाज कुठला, इतका तो नवा होता.

“मिस्टर हेगडॉर्न,” त्यांनी अंधारात हाक मारली, “जरा उजेडात या. मला नीट बघू द्या तुम्हाला.”

आयुष्यात इतकं अपमानास्पद बोलणं ऐकून घेऊन मी इतका खुशीत कधी पुढे गेलो नव्हतो. मॅरेनला दोन मोठी चॉकलेटं मिळाली. एक तिने माझ्या हातात दिलं.

पुढच्या प्रत्येक दारात तिने तीच गोष्ट सांगितली. आणि प्रत्येक दारात ती वाढली. चौथ्या घरात दोन बंब होते. सातव्या घरात बंबवाल्यांना कात्री पुरेना म्हणून करवत मागवावी लागली. मी पाठीमागे उभा राहून ऐकत होतो. हा धडधडीत फुगवटा. मला सवयीने प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ दिसत होती.

शेवटचं घर ड्वेनचं. ड्वेन त्या दिवशी स्वतः हजर होता, फोन त्यानेच केला होता, लोणीसुद्धा त्यानेच लावलं होतं. मॅरेनने पायरीवर उभं राहून, झूल मागे सारून, एक हात वर आणि एक कमरेवर ठेवून सगळं सांगितलं, आणि शेवटी तीन बंब आणले.

ड्वेनने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तीन?” तो म्हणाला. “तीन होते, कर्ट?”

मॅरेनने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर पाऊस होता आणि तारा एका पिनेवर लोंबत होता.

“तीन होते,” मी म्हणालो. “एकाला तर शिडीसुद्धा होती.”